चौकोनी सूर आणि आपटेकाकूंचं बोट

चार माणसं एकत्र डबा खायला लागली की किस्से जमतातच, त्यात विशेष काही नाही. बँकेतल्यांचे बँकेचे, शाळेतल्यांचे शाळेचे. आमचं दुखणं वेगळं आहे. कुणाच्या बारशाला, डोहाळजेवणाला मी आमचे किस्से सांगायला बसले की सुरुवातीला बायका हसतात. मग हळूहळू एकेकीचं हसणं बंद होतं, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "वसुधा, पुरे गं! मला एकटीला जिना चढून जायचंय!" अरे, मग सांगायला लावता कशाला?

आधी आम्ही काय काम करतो ते ऐका, कारण तेच कुणाला खरं वाटत नाही. लोणावळ्यात बाजारपेठेच्या मागे एक बंद पडलेलं लॉज आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. दारांवरचे रूम नंबर अजून तसेच आहेत. युरोपातला एक प्रकाशक आम्हाला जुन्या पुस्तकांचे स्कॅन पाठवतो. ख्रिस्ती मठातले साधू शेकडो वर्षं जे गात आलेत, ग्रेगोरियन चांट म्हणतात त्याला, त्याची ही पुस्तकं. नेहमीच्या इंग्रजी नोटेशनला पाच रेघा असतात, याला चारच. स्वर गोल नाहीत, चौकोनी. खाली लॅटिन शब्द, अक्षर अक्षर तोडून लिहिलेले. हे सगळं आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर क्लिक करून नव्याने मांडतो आणि छापायला परत पाठवतो.

"तुम्हाला लॅटिन येतं?" नाही. "मग कळतं कसं?" कळत नाहीच! कळायचं कारणही नाही. स्कॅनमध्ये चौकोन जिथे असेल तिथे चौकोन ठेवायचा आणि संध्याकाळी लोकल पकडून तळेगावला घरी यायचं. निदान मला तरी असंच वाटत होतं.

*

पहिला किस्सा निनादचा. निनाद म्हणजे आमचा दुसरा ऑपरेटर, तळेगावजवळच्या इंदुरीचा. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. बोटं सतत टेबलावर चालू, मी ओरडले की दोन मिनिटं बंद.

आता या चांटला ताल नसतो. मात्रा नाहीत, सम नाही, काही नाही. सगळे साधू एकाच सुरात, एकामागून एक शब्द म्हणत जातात. निनादला हे पटेचना. "ताई, असं कसं? सम नसेल तर माणसानं मान कुठं हलवायची?" मी म्हटलं, नको हलवूस, काम कर. निनादसाहेबांनी मान डोलावली, आणि पहिलं अख्खं पुस्तक गपचूप सोळा-सोळा मात्रांचे बार, म्हणजे उभ्या रेघांचे कप्पे, पाडून, त्रितालात बसवून पाठवून दिलं!

प्रकाशकाचं उत्तर आलं, अगदी सभ्य. "काम फार स्वच्छ आहे. पण आमचे साधू कवायत का करतायत?"

सगळे बार काढायला लागले. निनाद आठवडाभर तोंड पाडून बसला होता. म्हणाला, "ताई, ताल काढल्यावर ते गाणं पुढं जात नाही हो. एका जागी उभं राहून आपल्याकडं बघत राहतं." मी त्याला म्हटलं, चहा घे आणि गप्प बस. पण त्या दिवसानंतर मी हेडफोन लावून एकटी कधी काम केलं नाही, हे मात्र खरं.

*

श्रावणातली दुपार होती. लोणावळ्याचं धुकं खिडकीतून आत येतं तेव्हा दुपारीही दिवे लावावे लागतात. अलकामावशी चहा घेऊन आल्या. या जवळच्या औंढ्याहून येतात, झाडलोट आणि चहा बघतात, आणि आम्हा सगळ्यांवर त्यांचा वचक आहे. ऑफिसच्या मालकांवर, म्हणजे सरांवरसुद्धा.

निनादच्या स्क्रीनवर कोरं पान होतं. चार रेघा, त्यावर काहीही नाही. त्याने चुकून प्लेचं बटण दाबलं, आणि त्या कोऱ्या पानातून पंधरावीस पुरुषांचा आवाज यायला लागला. सावकाश, खालच्या पट्टीत.

मावशींनी ट्रे टाकला नाही हे नशीब. मी खुर्चीतून उठले ती दारापर्यंत गेले. निनाद तर माऊस सोडून हात वर करून बसला होता, पोलीस आल्यासारखा.

कारण नंतर कळलं. प्ले दाबलं की सॉफ्टवेअर मांडलेलं पान पुरुषांच्या आवाजात म्हणून दाखवतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर 'डिलीट' करता येतो आणि 'हाइड'ही करता येतो. हाइड केलेला स्वर दिसत नाही, पण वाजतो. निनादने नको असलेलं अख्खं पान डिलीट करायच्या ऐवजी हाइड केलं होतं. मी त्याला यथेच्छ झापलं, सगळे लपलेले स्वर शोधून काढून टाकले आणि पुन्हा प्ले दाबलं. शांत. काहीही नाही.

"बघा मावशी," मी म्हटलं, "झालं की नाही गप्प?"

मावशी स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, "गप न्हाई झालं वो ताई. मगा म्हनत व्हतं. आता ऐकाया बसलंय."

*

आता आपटेकाका. आमचे प्रूफरीडर. तळेगावच्या एका शाळेतून गाण्याचे मास्तर म्हणून रिटायर झालेले. इतर ठिकाणी प्रूफ डोळ्यांनी वाचतात, आपटेकाका गाऊन वाचतात. आमचं छापलेलं पान हातात धरायचं आणि ओळ न ओळ म्हणायची. चुकीचा चौकोन डोळ्यांतून निसटतो, गळ्यातून निसटत नाही, असं त्यांचं म्हणणं. काम ते घरीच करतात, कारण घरी काकू.

काकूंना पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द नाही. खिडकीशी खुर्चीत बसून असतात. त्यांची मुलगी मृणाल नाशिकला बँकेत आहे. पोरगी वाईट नाही, अगदी जीव टाकते. पण तिचं एकच टुमणं : आईला नाशिकला चांगल्या केअर सेंटरमध्ये ठेवू, बाबांनी माझ्याकडे राहायचं. "बाबा, आईला आता काही कळत नाही. तुम्ही आहात की शेजारचं कुणी आहे, तिला सारखंच."

काकांचं उत्तरही एकच. "कळतं."

"कशावरून?"

यावर काका उठून काकूंची शाल सारखी करायला लागायचे. मला त्या दोघांचंही इतकं वाईट वाटायचं की मी विषय बदलायची.

*

मी कामात चुकत नाही. हे मी गर्वाने सांगते, कुणाला राग आला तर येऊ दे. त्यामुळे माझ्या पानांवर आपटेकाकांच्या लाल खुणा यायला लागल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. आणि खुणा बरोबर! प्रत्येक वेळी बरोबर! एक चौकोन रेघेवरून जरासा वर सरकलेला, स्वर लांबवायचं एक टिंब राहिलेलं. माणसाला सापडणारच नाहीत अशा चुका.

"काका, तुमचे कान एवढे तिखट कधीपासून झाले?" मी फोनवर विचारलं.

"माझे नाहीत गं," काका म्हणाले. "हिचे."

मी मनात म्हटलं, काळजीने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. कारण काकूंना गाण्याचं पहिल्यापासून वावडं! जन्मभर पोस्टात नोकरी केली, सा कुठे आणि रे कुठे हे त्यांना ठाऊक नाही. लग्न झाल्यावर काकांचा तानपुरा त्यांनीच माळ्यावर टाकायला लावला होता. "आवाज जरा कमी," एवढीच त्यांची दाद.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. काका पान घेऊन म्हणायला लागले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, डावा हात मांडीवरच्या शालीवर. पान त्यांनी बघितलंही नाही. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर शालीवरून डाव्या हाताचं पहिलं बोट वर आलं. उंच, सरळ, वर्गात पोरं करतात तसं. मग खाली गेलं.

मी स्कॅन काढून बघितलं. तिथे चूक होती. माझी.

घरी जाताना मी रिक्षावाल्याशी सगळा रस्ता उगीचच बोलत राहिले.

*

याच्या पुढचं ऐका. एकदा काकूंचं बोट वर आलं आणि स्कॅनशी ताडून बघितलं तर पान बरोबर! काका खूश झाले नाहीत, घाबरले. त्यांना वाटलं, आता हेही गेलं. त्यांनी तोच स्वर एक पायरी वर घेऊन म्हटलं. बोट वर. एक पायरी खाली घेऊन म्हटलं. बोट शालीवर, शांत.

आमचे सर म्हणजे जुन्या छापखान्यातले, बोलायला कमी. त्यांनी नुसतं "विचारून टाकू" म्हणून प्रकाशकाला मेल केला. उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्यांनी म्हणे त्यांच्या ग्रंथालयातलं फार जुनं हस्तलिखित उघडून बघितलं. छापील पुस्तकातच चूक होती, पिढ्यान्‌पिढ्या तशीच गायली जात होती. काकूंनी दाखवलेला खालचा स्वर खरा. पत्रात खूप आभार मानले होते आणि शेवटी विचारलं होतं, ही चूक ज्यांनी पकडली त्या तज्ज्ञांचं शिक्षण काय?

सरांनी बराच विचार करून टाइप केलं, "निवृत्त. पोस्ट खातं."

आम्ही त्या दिवशी पोट धरून हसलो. मग एकदम कुणीच हसेना. निनाद हळूच म्हणाला, "ताई, पण काकूंना ते सांगतंय कोण?" मी त्याला फाइल सेव्ह करायला सांगितलं.

*

अलकामावशींचाही एक आहे. दिवसभर आमचं प्लेबॅक ऐकून त्यांच्या तोंडात ते सूर बसले होते. एक दिवस सकाळी आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी.

"ताई, ह्ये समदं कशाचं गानं हाय?"

"देवाचं असणार. का हो?"

"काल सांच्याला तांदूळ निवडताना मी गुनगुनत व्हते. सासूबाई आतून आली. दिवा लावला, उंबऱ्याशी बसली आन् मला म्हनली, कोन गेलं गं?"

मी म्हटलं, काहीतरीच मावशी. पण मला राहवेना. सरांना सांगून प्रकाशकाला विचारलं की सध्याचा खंड कशाचा आहे. त्यांना आश्चर्य वाटलं, आम्हाला माहीत नाही याचं. उत्तर एका ओळीचं होतं. हा सगळा खंड मृतांसाठीच्या प्रार्थनांचा.

मावशींनी त्यानंतर कानात कापसाचे बोळे घालून झाडलं. आणि मी काकांना फोन केला, म्हटलं, काका, हा खंड तुम्ही डोळ्यांनीच वाचा, गाऊ नका. काका हसले. "वेडी आहेस का? गायलं नाही तर ही कशी तपासणार?"

*

हा किस्सा मला सांगायला आवडत नाही, पण याच्याशिवाय पुढचा कळणार नाही. मृणाल दिवाळीला आली. काकांनी ठरवलं, लेकीला बोट दाखवायचंच. पान घेतलं आणि मुद्दाम चुका करत गायले. मी तिथेच होते. वाट्टेल तसं गायले, सूर इकडे, शब्द तिकडे. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. काकांनी आणखी चुका केल्या. आवाज चढवला. शेवटी रडकुंडीला आले. "अगं दाखव ना! एकदा दाखव!"

बोट हललं नाही.

मृणालने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. तिचेही डोळे भरून आले होते. "बाबा, पुरे. हा तुमचा भास आहे. आपण दोघं मिळून मान्य करूया ना."

काका मला दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मुद्दाम केलेल्या चुकीला ती चूक मानत नसेल गं. ती काय सर्कशीतली आहे?" पण आवाजात जोर नव्हता. महिनाअखेर जायचं ठरलं. काकू सेंटरमध्ये, काका लेकीकडे. मला रात्रभर झोप आली नाही, इतका संताप आला होता. कुणावर, ते मात्र कळत नव्हतं.

*

आणि आता शेवटचा.

जायच्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले. त्या खंडाचं शेवटचं पान तपासायचं राहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर निरोपही घ्यायचा होता. खाली गाडी उभी. मृणाल बॅगा बांधत होती. काकूंना शाल, स्वेटर घालून तयार ठेवलं होतं.

"पाच मिनिटं," काका म्हणाले, आणि उभ्याउभ्याच गायला लागले.

त्या पानावर एक लांबलचक जागा आहे. एकच अक्षर आणि त्यावर चौकोनांची रांगच्या रांग, सगळी एका दमात म्हणायची. काका तिथे आले, आणि काकूंचं बोट वर आलं.

मृणाल स्वेटरची घडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिने ते पहिल्यांदाच पाहिलं.

"चूक असेल," ती पुटपुटली. "वसुधाताई, बघा ना, चूक असेल तिथे."

मी स्कॅन उघडलं. एकेक चौकोन बोट ठेवून ताडून बघितला. चूक नव्हती. काकांनी पुन्हा म्हटलं. त्याच जागी बोट वर. स्वर वर घेऊन म्हटलं, बोट वर. खाली घेऊन म्हटलं, तरी वर. मी म्हटलं, थांबा, आणि लॅपटॉपवर तेच पान प्ले केलं. मशीनने अख्खी ओळ म्हटली. बोट शालीवर, गप्प. मग मी स्वतः म्हणून बघितलं. माझा आवाज असा आहे की पाळण्यातली पोरं रडायला लागतात. एक सूर बरोबर लागला असेल तर शपथ. बोट हललं नाही!

"काका, तुम्ही म्हणा परत," मी म्हटलं.

काका म्हणाले. त्या जागेच्या आधीच बोट वर आलं, आणि या वेळी खाली गेलं नाही. तसंच राहिलं. मी कागदाकडे बघत होते. मृणाल आईकडे बघत होती. काकू खिडकीबाहेर बघत नव्हत्या. त्या काकांच्या छातीकडे बघत होत्या.

"बाबा," मृणाल म्हणाली, "तुम्ही तिथे थांबताय का?"

"छे गं. ओळ लांब आहे. हल्ली दम जरा तुटतो."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"अगं काही नाही, बॅगा उचलल्या ना, म्हणून डावा हात जड झालाय. चल, उशीर होतोय."

मृणालने हातातला स्वेटर खाली टाकला. नाशिकला जायची गाडी आम्ही स्टेशन भागातल्या हॉस्पिटलकडे वळवली. पुढे ड्रायव्हरशेजारी काका, मागे आम्ही तिघी. काका सबंध रस्ता कुरकुरत होते की मला काही झालेलं नाही. काकूंचं बोट अजून वरच होतं. काकांना स्ट्रेचरवर घेऊन दार बंद झालं तेव्हा ते शालीवर आलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, चेहरा उतरलेला. हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बंद होती म्हणाले, आता धोका टळला, पण नाशिकच्या रस्त्याला लागला असता तर पेशंट पोचला नसता. मग कागद चाळत त्यांनी मृणालकडे बघितलं.

"मला एक कळत नाही. छातीत दुखत नव्हतं, चक्कर नाही, पेशंट स्वतः म्हणतो मला काहीच होत नाही. तुम्हाला इथे यायला सांगितलं कुणी?"

मृणाल काकूंच्या व्हीलचेअरपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आईने सांगितलं," ती म्हणाली.